दिवा विझवला, ब्रेकचं काय?

लाल वर्तुळ, आत उद्गारचिन्ह, दोन्ही बाजूंना कंस. जुन्या गाडीच्या मीटरमध्ये हा दिवा पेटला की यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या कळंबात बहुतेक वेळा दोनच उपाय होतात. बाटली आणायची आणि ब्रेक ऑइल वरपर्यंत भरायचं, नाहीतर मीटर उघडून बल्बच काढून टाकायचा. दोन्ही उपायांनी दिवा विझतो आणि दोन्हींनी ब्रेक जसा बिघडलेला होता तसाच राहतो. याला मी दुरुस्ती म्हणत नाही. हा पुरावा नष्ट करण्याचा धंदा आहे, आणि गाडीमालक तो स्वतःच्या खिशातून पैसे देऊन करून घेतो, याचा मला संताप येतो.

‘तो लाइट तसाच लागून राह्यते भाऊ. सेन्सर गेला असन. गाडी चालते न, मंग कायले टेन्शन घेता?’ हे वाक्य मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलंय की आता ते कोण म्हणालं हेही मला सांगता यायचं नाही. गाडी चालते, हे खरंच आहे. गाडी चालवायला ब्रेक लागतच नाही. तो लागतो थांबायला. आणि थांबायची वेळ येते तेव्हा समोर जोडमोह्याकडून येणारी बैलगाडी असते, नाहीतर शाळा सुटल्यावर रस्ता ओलांडणारी पोरं असतात. त्या क्षणी ‘सेन्सर गेला असन’ हे उत्तर कोणाला द्यायचं?

आधी ऑइलचंच घ्या, कारण सगळ्यात मोठी फसवणूक तिथे आहे. ब्रेक ऑइल इंजिन ऑइलसारखं जळत नाही आणि डिझेलसारखं संपतही नाही. ती बंद नळ्यांमधली व्यवस्था आहे. मग डबीतली पातळी खाली जाते कशी? कारणं दोनच. एक तर पॅड किंवा लायनर झिजलेत, पिस्टन बाहेर सरकलाय आणि त्याच्यामागे रिकामी झालेली जागा ऑइलने भरली आहे. नाहीतर ऑइल कुठून तरी गळतंय: व्हील सिलिंडरमधून ड्रमच्या आत, मास्टर सिलिंडरमधून बूस्टरच्या पोटात, किंवा गंजलेल्या नळीतून थेट रस्त्यावर. तिसरं कारण जवळजवळ नसतंच. म्हणजे पातळी उतरून पेटलेला दिवा सांगत असतो की चारही चाकं उघडून बघा. आपण बाटली ओततो. पॅड झिजले असतील तर ते झिजतच राहतात. पुढे नवे पॅड टाकताना पिस्टन मागे दाबला की डबीतून ऑइल उतू जातं आणि रंग खातं, तेव्हा आधी भरलेलं ऑइल कोणत्या लायकीचं काम होतं ते कळतं. गळती असेल तर ओतलेलं ऑइलही त्याच वाटेने निघून जातं आणि ड्रममधलं लायनर भिजवतं. भिजलेलं लायनर धरत नाही. ते एका चाकात भिजतं, म्हणून ब्रेक मारल्यावर गाडी दुसऱ्या बाजूला ओढली जाते. मालक मग अलाइनमेंट करून आणतो.

कोणतं ऑइल ओतलं जातं, हा याहून भयंकर प्रश्न. ब्रेक ऑइलच्या बाटलीवर डॉट 3 किंवा डॉट 4 असं छापलेलं असतं. डॉट 3 ताजं असताना किमान 205 अंशांपर्यंत उकळत नाही, डॉट 4 किमान 230 अंशांपर्यंत. पण ही दोन्ही ऑइलं हवेतला ओलावा शोषून घेतात. पाणी मुरलेलं डॉट 3 फक्त 140 अंश सहन करेल एवढीच हमी असते, डॉट 4 ची 155. आता यवतमाळ जिल्ह्यातला मे महिना आठवा. पठारावरून भरलेली गाडी उतरतेय, ड्रायव्हर उतारभर ब्रेकवर पाय ठेवून आहे, आणि डबीत सात-आठ वर्षांचं काळं पडलेलं ऑइल आहे. ते चाकाजवळ उकळतं, त्याची वाफ होते. ऑइल दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते. पॅडल स्पंजासारखं खाली जातं आणि गाडी पुढे जात राहते. खाली पोचून गाडी थंड झाली की ब्रेक पुन्हा लागतो. गॅरेजवाला दोन चकरा मारून म्हणतो, ‘याच्यात तं काहीच नाही.’ बहुतेक कंपन्या हे ऑइल दोन वर्षांच्या आसपास बदलायला सांगतात, ते याचसाठी. ऑइल भरणं आणि ऑइल बदलणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बदलायचं म्हणजे जुनं सगळं काढून, चारही चाकांतून एअर काढून नवं भरायचं. ते काम तासभर वेळ मागतं, म्हणून कोणी करत नाही.

आणि जो माणूस डबी रिकामी दिसली म्हणून त्यात इंजिन ऑइल किंवा हायड्रॉलिक ऑइल ओततो, त्याला मी माफ करू शकत नाही. त्या ऑइलने आतले रबरी वॉशर फुगतात. मास्टर सिलिंडर, व्हील सिलिंडर, होस पाइप, सगळीकडचं रबर बाद होतं. एखाद्या चाकाचा ब्रेक धरून बसतो, दुसऱ्याचा धरतच नाही. एक किट टाकून ते निस्तरत नाही, सगळी व्यवस्था उघडावी लागते. वॉशर पेट्रोलने धुणाऱ्यांनाही हेच लागू आहे.

दुसरा दिवा बॅटरीचा. तो चार्जिंगचा, ब्रेकशी त्याचा काय संबंध, असं पेट्रोल कारवाला म्हणेल. आपल्या भागात धावणाऱ्या सुमो, बोलेरो आणि तशाच कित्येक जुन्या डिझेल गाड्यांत व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्या पाठीवर बसवलेला असतो आणि त्याच्याच दांड्यावर फिरतो. डिझेल इंजिनला पेट्रोलसारखा स्वतःचा पुरेसा व्हॅक्यूम नसतो, म्हणून पायाचा जोर वाढवणाऱ्या ब्रेकच्या बूस्टरला हा पंप लागतो. बेल्ट तुटला की अल्टरनेटर थांबतो आणि बॅटरीचा दिवा पेटतो. त्याच क्षणापासून पंपही बंद. बूस्टरमध्ये साठलेल्या व्हॅक्यूमवर दोन-तीन वेळा ब्रेक नीट लागतो, मग पॅडल दगडासारखं होतं. ब्रेक गेलेला नसतो, पण तो मारायला कित्येक पट जोर लागतो, आणि ते माहीत नसलेला ड्रायव्हर पाय अर्धवट ठेवून ‘ब्रेक फेल’ म्हणून ओरडतो. अशा गाडीत बॅटरीचा दिवा हा ब्रेकचा दिवा आहे. ‘घरी जाऊन चार्जिंगला लावू’ म्हणत भरली गाडी यवतमाळपर्यंत नेणारे मी पाहिले आहेत. प्रवाशांनी भरलेली काळी-पिवळीही त्यात होती.

उतारावर डिझेल वाचवायला इंजिन बंद करून गाडी सोडणारे याच जातीचे. त्यांच्या गाडीत काहीच बिघडलेलं नसतं. ते स्वतःच्या हाताने बूस्टर बंद करतात. वाचलेल्या डिझेलचा हिशेब ते कौतुकाने सांगतात आणि ऐकणारेही मान डोलावतात.

बूस्टर तपासायला पैसा लागत नाही. इंजिन बंद ठेवून पॅडल चार-पाच वेळा मारा, ते कडक होईल. पाय तसाच दाबून ठेवा आणि इंजिन सुरू करा. पॅडल थोडं खाली बसलं तर बूस्टर काम करतोय. नाही बसलं तर व्हॅक्यूमची नळी, तिच्यातला एकतर्फी व्हॉल्व्ह, पंप आणि बूस्टर या क्रमाने शोधा, म्हणजे स्वस्तापासून महागाकडे. आमच्याकडे क्रम उलटा चालतो, आधी बूस्टर बदलतात आणि मग फुटकी नळी सापडते. दुसरी तपासणी: इंजिन सुरू, गाडी उभी, पॅडलवर एकसारखा दाब देऊन अर्धा मिनिट थांबा. पॅडल हळूहळू फरशीकडे उतरत असेल आणि बाहेर कुठे ओल दिसत नसेल तर मास्टर सिलिंडरचे वॉशर आतून गेलेत. अशा गाडीत ऑइलची पातळी पूर्ण असते आणि दिवाही पेटत नाही. म्हणून नुसत्या दिव्यावर विसंबणाऱ्यालाही मी शहाणा म्हणणार नाही. पाय काय सांगतो तेही ऐकावं लागतं. पॅडल पंप केल्यावर वर येतं, म्हणजे हवा आहे किंवा लायनर सेटिंगला आलंय. ब्रेक सोडूनही चाक धरून राहतं, म्हणजे कॅलिपर जाम आहे किंवा होस आतून फुगून ऑइलला परतू देत नाही. पॅडल थरथरतं, म्हणजे डिस्कची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नाही. आणि कर्कश खरखर येते, तेव्हा पॅड संपून लोखंडावर लोखंड घासतंय. गाडी उभी करा, दुसरं काही नाही.

हे सगळं शोधताना ड्रम उघडून आतली धूळ हवेच्या नळीने उडवायची पद्धत मात्र बंद करा. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो. ती धूळ गॅरेजमधल्या पोराच्या छातीत जाते. ओल्या फडक्याने पुसायला दोन मिनिटं जास्त लागतात आणि त्याचे पैसे मागितले तर मी देईन.

आता चाकं लॉक होऊ न देणारं एबीएस. 2019च्या एप्रिलपासून नव्या कारमध्ये ते सक्तीचं झालं, पण त्याआधीच्या बऱ्याच गाड्यांतही आहे, आणि त्याच गाड्या आता नागपूरच्या बाजारातून दुसऱ्या-तिसऱ्या हाती आमच्याकडे येतात. एबीएसचा दिवा पिवळा असतो. तो एकटा पेटला तर साधा ब्रेक चालू असतो, पण जोरात दाबल्यावर चाकं लॉक होऊ शकतात आणि लॉक झालेली चाकं स्टीअरिंग ऐकत नाहीत. तो लाल दिव्यासोबत पेटला तर पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकचा जोर वाटून देणारी यंत्रणाही बंद पडलेली असू शकते. मागची चाकं आधी लॉक होऊन गाडी फिरू शकते. हा फरक प्रत्येक गाडीच्या पुस्तकात छापलेला असतो. ते पुस्तक डॅशबोर्डच्या खणात प्लास्टिकमध्ये पडून असतं.

एबीएसचा दिवा ‘स्कॅन करून’ घालवून देणाऱ्यांचा नवा पंथ निघालाय. इंजिनचेच कोड वाचणारं स्वस्त यंत्र लावायचं, ‘कोड काही दाखवत नाही’ म्हणायचं आणि पैसे घ्यायचे. अशा बहुतेक यंत्रांना एबीएसच्या कंट्रोलरशी बोलताच येत नाही. ज्यांच्याकडे बोलणारं यंत्र आहे, ते कोड पुसून देतात. चाक फिरलं, कंट्रोलरला पुन्हा चूक दिसली की दिवा परत. मग ‘सेन्सर टाकावा लागते’. सेन्सर टाकला तरी दिवा परत. कोड कोणत्या चाकाच्या वाटेवर गडबड आहे एवढंच सांगतो. त्या वाटेवर सेन्सर आहे, उंदराने कुरतडलेली तार आहे, आपली काळी माती भरलेला कनेक्टर आहे, गंजून फुटलेली दातेरी रिंग आहे. काही गाड्यांत बेअरिंगच्याच एका बाजूला चुंबकी पट्टी असते; बेअरिंग उलटं बसवलं की सेन्सर कितीही बदला, तो आंधळाच. बॅटरीचा दाब कमी पडला तरी हा दिवा पेटतो. खरी तपासणी अशी: यंत्र लावून गाडी सरळ रस्त्यावर वीसच्या वेगाने चालवा आणि चारही चाकांचे वेग पडद्यावर बघा. तीन चाकं वीस सांगतात आणि एक शून्य सांगतं, त्या चाकाची तार मोजा, रिंग बघा, आणि मग सेन्सरला हात लावा. मोजण्याआधी सुटा भाग बदलायला सांगणारा माणूस तुमच्या पैशाने अंदाज करतोय.

सरकारबद्दल बोलायलाच हवं. खासगी कार नवी घेतली की नोंदणी 15 वर्षांची मिळते. पहिलं वर्ष संपलं की तिच्या धुराची तपासणी ठरलेल्या मुदतीने करून प्रमाणपत्र जवळ ठेवावं लागतं. तिचा ब्रेक मात्र 15 वर्षं कोणत्याही सरकारी माणसाने बघण्याची सक्ती नाही. भाड्याच्या गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी फिटनेस घ्यावा लागतो, खासगीला पंधरा वर्षं काहीच नाही. पंधरा वर्षांनी आपण दारात उभे राहतो तेव्हा काय होतं? 1 एप्रिल 2022 पासून कारच्या नूतनीकरणाचं शुल्क 600 रुपयांवरून 5000 झालं. शुल्क आठपटींहून जास्त वाढवलं, तर तपासणीही तेवढी कडक झाली का, हा प्रश्न मी जाहीरपणे विचारतो. चाकं रोलरवर चढवून प्रत्येक चाकाचा ब्रेक किती जोराने धरतो हे मोजणारी यंत्रं असतात. मला हवी आहे ती तपासणी. दिवे, हॉर्न आणि नंबरप्लेट बघून गाडी पास करायची असेल तर ते पाच हजार कशाचे?

मोटार वाहन कायद्याच्या कलम 190मध्ये चालकाला माहीत असलेला किंवा साध्या काळजीने कळू शकणारा धोकादायक दोष असलेली गाडी रस्त्यावर आणणं हा गुन्हा आहे. 2019च्या दुरुस्तीनंतर त्याला दंड 1500 रुपयांपर्यंत. त्याच कलमात धूर आणि आवाजाची मर्यादा मोडणाऱ्याला 10,000 रुपयांपर्यंत दंड आणि तुरुंगही आहे. धुराचा दंड कमी करा, असं मी म्हणत नाही. पण मीटरमध्ये लाल दिवा पेटलेला असणं याहून ‘साध्या काळजीने कळणारा दोष’ दुसरा कोणता? तो दिसू नये म्हणून बल्ब काढणाऱ्याने तर दोष माहीत होता हे स्वतःच सिद्ध केलेलं असतं.

28 फेब्रुवारी 2024 ला वर्धा ते कळंब रेल्वेमार्गाचं उद्घाटन झालं. गावाने आनंद केला, मीही केला. त्या रेल्वेकडून शिकायचं असेल तर हे शिका: रेल्वेत ब्रेक पॉवर सर्टिफिकेट नावाचा कागद असतो. गाडी तपासून, किती डब्यांचा ब्रेक नीट काम करतोय हे लिहून सही झाल्याशिवाय गाडी हलवत नाहीत. जॉर्ज वेस्टिंगहाउसने 1872 मध्ये जो स्वयंचलित ब्रेक काढला त्याचं तत्त्वच असं की पाइप फुटला तर ब्रेक लागतो. आपल्या मोटारीत उलट आहे, पाइप फुटला की त्या वाटेचा ब्रेक जातो. म्हणजे ज्या वाहनात बिघाड झाला तर ते आपोआप थांबतं, त्याची तपासणी कागदावर सहीसकट, आणि ज्यात बिघाड झाला तर ते थांबतच नाही, त्याची तपासणी ‘चालते न भाऊ’ या तीन शब्दांत.

वर्धा-यवतमाळ रस्ता चौपदरी झाल्यापासून हा प्रश्न जास्त धारदार झालाय. जुन्या अरुंद रस्त्यावर खड्डे आणि समोरची वाहनंच गाडीचा वेग पन्नासवर धरून ठेवायची. आता वीस वर्षांची गाडीसुद्धा ऐंशीने जाते. ऐंशीच्या वेगाला एका सेकंदात 22 मीटर अंतर कापलं जातं. वेग चाळीसवरून ऐंशी झाला की ब्रेकला चौपट ऊर्जा गिळावी लागते. रस्ता नवा झाला, तुमचा ड्रम जुनाच आहे. कापसाच्या दिवसांत जिनिंगकडे जाणारे पिकअप बघा. मागच्या एक्सलवर वजन ओळखून मागच्या ब्रेकचा जोर कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह असतो, त्याचा दांडा तुटलेला किंवा तारेने बांधून टाकलेला असतो. त्यावर क्विंटलांनी कापूस, आणि वर दोन माणसं बसलेली.

गाडीचं वय हा गुन्हा आहे, असं मला म्हणायचं नाही. आमच्या भागातल्या शेतकऱ्याला नवी गाडी परवडत नाही आणि जुनी गाडी भंगारात काढा असं शहरातून सांगणाऱ्यांनी आधी इथला कापसाचा भाव विचारावा. पंचवीस वर्षांची गाडीही नीट थांबू शकते. पॅड, लायनर, वॉशर, होस, ऑइल हे सगळं झिजायलाच बनवलंय आणि सगळं बदलता येतं. इंजिनच्या कामापुढे हा खर्च किरकोळ असतो. तरीही माणूस सीटकव्हर आणि म्युझिक सिस्टिमवर आधी खर्च करतो. गाडी घेतली की गावच्या चिंतामणी गणपतीच्या दारात आणतो, हार घालतो, नारळ फोडतो. ती श्रद्धा मलाही आहे. पण देवाच्या दारात आणण्याआधी चाकं उघडून बघायला काय हरकत आहे?

जुनी गाडी घ्यायला जाणाऱ्याने चावी फिरवायची आणि इंजिन सुरू करायचं नाही. मीटरमधले दिवे मोजायचे. ब्रेकचा, एबीएसचा, बॅटरीचा, ऑइलचा, प्रत्येक दिवा पेटायलाच हवा. जो पेटत नाही त्याचा बल्ब काढलाय, उडालाय किंवा वर काळी पट्टी लावली आहे. मग थांबायचं. बहुतेक गाड्यांत एबीएसचा दिवा काही सेकंदांत आपोआप विझतो, इंजिन सुरू न करताही. इंजिन ऑइलचा दिवा इंजिन सुरू झाल्याशिवाय विझत नाही. हे दोन्ही दिवे इंजिन सुरू केल्यावर एकाच क्षणी विझले, तर एबीएसच्या दिव्याची तार दुसऱ्या दिव्याला जोडून ठेवल्याचा संशय घ्या. हा उद्योग करणारे आहेत. हँडब्रेक ओढून लाल दिवा पेटतो का आणि सोडल्यावर विझतो का, तेही बघा. विकणारा ‘भाऊ, विश्वास नाही काय?’ म्हणाला तर सांगा की विश्वास तुमच्यावर आहे, मीटर उघडून दाखवा.

परिवहन खातं तालुक्यातालुक्यात शिबिरं घेतं. लायसन्ससाठी मांडव घालता येतो, तर ब्रेक मोजणारं फिरतं यंत्रही आणता येईल. कापसाचा हंगाम सुरू होण्याआधी एकदा आणि पावसाळ्यानंतर, ड्रममध्ये चिखल गेलेला असतो तेव्हा एकदा. खासगी गाडीला पहिली पाच वर्षं सोडा, त्यानंतर दर दोन वर्षांनी ब्रेकची तपासणी सक्तीची करा. मी शुल्क द्यायला तयार आहे. आणि गॅरेजवाल्यांकडे माझी मागणी याहून साधी आहे: दिवा का पेटला, कोणतं चाक उघडलं, पॅड किती मिलिमीटर उरलेत, काय बदललं, हे चार मुद्दे बिलावर लिहून सही करा. ज्याला एवढं लिहून द्यायला जड जातं, त्याच्या हातात मी माझ्या गाडीची चावी देत नाही.